फार सरळ उभी

सोमवार, ५ फेब्रुवारी

आज आमच्या घराची शोभा झाली; तीही फाटकासमोर, सकाळच्या वेळी, अर्धी गल्ली तोंडात ब्रश धरून उभी असताना.

सूनबाईंनी मोटारसायकल बाहेर काढली. मोटारसायकल माझ्या मुलाची. तो नोकरीसाठी परदेशी गेल्यापासून ती जिन्याखाली मेणकापड पांघरून उभी असते आणि दर रविवारी मी ती पुसते. किल्ली तिने मागून घेतली, एवढं खरं. गाडी सुरू केली, कोपऱ्यापर्यंत नेली, थांबायला म्हणून पाय खाली सोडला, तर पाय जमिनीला पोचेचना. मग ती आणि गाडी, दोघी अगदी सावकाश आडव्या झाल्या. घाईने पडली असती तर निदान अपघात म्हणता आलं असतं.

बाजूच्या घरातली शेजारीण "अगं बाई, अगं बाई" करत आली. मी फाटकातून ओरडले, "टाकीला पोचा आलाय का बघ!" हे मात्र अनवाणीच धावले आणि तिला म्हणाले, "लागलं का गं?" मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आवडली नाही, म्हणून लिहून ठेवते.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला रोज संध्याकाळी दिवसाची झडती घ्यायला लावायच्या. शाळा सुटली, खोड राहिली. फक्त मी झडती स्वतःची सोडून बाकी सगळ्यांची घेते, असं ह्यांचं म्हणणं.

तर झडती. सूनबाईंना एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम मिळतंय. सकाळी दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या आणि दुपारच्या आत लॅबमध्ये पोचवायच्या. अट अशी की गाडी स्वतःची हवी आणि एक मार्चला हजर व्हायचं. लायसन्स तिच्याकडे लग्नाआधीपासून आहे.

"पण पाय पुरत नाहीत, त्याचं काय?" मी विचारलं.

"आधी पुरायचे, आई. लग्न झाल्यावर मी चालवायची की गल्लीत."

"माणूस खुजा होत जातो, पण तुझ्या वयात नाही."

ती गुडघ्याला औषध लावत बसली. मग खाली मान घालूनच म्हणाली, "हे काम गेलं तर मी भावाकडे जाईन म्हणते. इथे कशाच्या जोरावर राहू?"

"नवऱ्याच्या," मी म्हटलं. तिने औषधाचं झाकण लावलं. उलट उत्तर देत नाही, हा तिचा एक गुण आहे. कधीकधी त्याचाच राग येतो.

बुधवार, ७ फेब्रुवारी

मुलाचा फोन. मीच उचलला. सूनबाई आंघोळीला गेली होती. "तिला बोलवू का?" म्हटलं तर म्हणाला, "नको, घाईत आहे." कंत्राट पुन्हा वाढलंय, या वर्षीही येणं कठीण दिसतं. गाडीचं सांगितलं. म्हणाला, "विकून टाका ना ती, आई. कशाला जागा अडवून ठेवलीय?" थकलेला असला की तो असं काहीतरी बोलतो.

मागून कुणा बाईचा आवाज आला, "जेवण गार होतंय." टीव्ही असणार.

मी जन्मभर टेलिफोन केंद्रात काम केलं. बोलणारा उभा आहे की आडवा पडलाय हे मी नुसत्या आवाजावरून सांगायची. मुली पैजा लावायच्या. पण परदेशातल्या टीव्हीचा आवाज फार स्वच्छ येतो, असं ऐकलंय.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

सूनबाई मोटारसायकलच्या दुकानात जाऊन आली आणि "साहेबांना पाठवा" असं ऐकून परत आली. साहेब! मी म्हटलं, आता मी येते. इस्त्रीचे कपडे घातले, छत्री घेतली.

ज्याच्याकडे गेलो त्याला सगळे उस्ताद म्हणतात; तोही स्वतःला उस्तादच म्हणतो. दुकानाच्या भिंतीवर त्याचेच फोटो, प्रत्येक फोटोत वेगळ्या मोटारसायकलवर, एकीवर उलटा बसलेला.

"या मावशी!"

"मी तुमची मावशी नाही."

"बरं मावशी. काय बनवायचंय? आवाज वाढवू? असा सायलेन्सर देतो, पुढच्या चौकातला माणूस बाजूला होईल."

"मला गाडी बुटकी करून हवीय. हिचे पाय टेकले पाहिजेत. आवाज आहे तेवढा पुरे, आमच्या घरात मी आहे."

त्यावर तो इतका हसला की आतून दुसरा कामगार बघायला आला. पण समजावलं व्यवस्थित. मागचे शॉक, म्हणजे सीटखालच्या त्या स्प्रिंगा, काढून आखूड बसवायच्या. पुढचे दांडे पकडीतून वर सरकवायचे, म्हणजे तोंड खाली येतं. सीटचा फोम कापून पातळ करायचा. नळ्यांच्या पेटीसाठी मागे कॅरियर.

"फोम कापायचा नाही," मी म्हटलं. "दुसरी सीट आणा. ही मला परत द्या. गाडीचं काहीही कापायचं नाही. जे काढाल ते माझ्या हातात द्यायचं. मुलगा आला की गाडी होती तशी उभी राहिली पाहिजे."

"कधी येतायत साहेब?"

"येईल."

सूनबाई भिंतीवरचे फोटो बघत होती.

रविवार, ११ फेब्रुवारी

उस्ताद हत्यारांची पिशवी घेऊन घरीच आला, कारण गाडी त्याच्या दुकानात सोडायला मी नाही म्हटलं. दिवसभर अंगणात खाटखूट. हे पायरीवर बसून वाटाणे सोलत होते, मी खुर्ची टाकून समोर. एखाद्या ऑपरेशनला नातेवाइकाला आत बसू देतात का? पण मी बसले.

जुने शॉक काढल्यावर त्याने ते हातात वजन करत फिरवून पाहिले. "हे कंपनीचे नाहीत, मावशी. बाहेरून आणून लावलेत. लांब आहेत. गाडी कुणीतरी मुद्दाम उंच केलीय."

"माझा मुलगा बाहेरचं काही लावत नाही."

ह्यांना एकदम खोकला आला. वाटाण्याचा दाणा अडकला असेल.

मी शॉक पुसून वर्तमानपत्रात गुंडाळले, सुतळी बांधली, वर 'मूळचे' असं लिहिलं आणि मुलाच्या ट्रंकेत त्याच्या स्वेटरखाली ठेवले. जुनी सीट कपाटावर.

संध्याकाळ व्हायच्या आत गाडी टेकली. म्हणजे सूनबाई टेकली. दोन्ही पाय जमिनीवर, तळवे अगदी सपाट. ती अशी हसली की मी तिला इतक्या दिवसांत तसं हसताना पाहिलंच नव्हतं. मीही हसले असते, पण तेवढ्यात उस्तादाची जाहिरात सुरू झाली. क्रॅशगार्ड घ्या, धुक्याचा दिवा घ्या, हँडलला पितळी टोपणं घ्या, साइड स्टँड कापून घ्या, दोन आवाजांचा हॉर्न घ्या.

"आणि हे काय?" गाडीच्या पोटाखाली निळा दिवा लुकलुकत होता.

"ही माझ्याकडून भेट. मुलींना आवडतं."

"काढा. ही गाडी रक्त न्यायला आहे, वरातीला नाही."

दिवा काढला. मग म्हणतो, "बाकी सोडा, पण स्टँड कापाच. गाडी खाली आली, स्टँड तेवढाच राहिला. आता लांब पडतो. गाडी कलणारच नाही, सरळ उभी राहील. मधला स्टँड असता तर गोष्ट वेगळी, तो तर तुमच्या साहेबांनी काढून टाकलेला दिसतोय. इंचभर कापतो, पाय पुन्हा जोडून देतो."

"सरळ उभी राहील, मग बिघडलं काय?"

"पडेल की!"

"तुम्ही आत्ता म्हणालात हॉर्न लावला नाही तर हिला कुणी ठोकेल. दिवा लावला नाही तर खड्ड्यात जाईल. क्रॅशगार्ड नसला तर पाय मोडेल. तुमचं ऐकलं तर ही घराबाहेरच पडायला नको. कापायचं नाही म्हणजे नाही. शॉक परत बसवता येतात, कापलेलं लोखंड वाढत नाही."

"मावशी, तुमचा वकील कोण? तोही तुम्हाला घाबरत असणार." असं म्हणत पिशवी आवरून गेला.

गाडी अंगणात उभी आहे. काय ताठ! सिस्टर आम्हाला डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला लावायच्या, तशी. इतर लोकांच्या गाड्या कशा टपरीवर टेकलेल्या रिकामटेकड्यासारख्या एका बाजूला झुकलेल्या असतात. मला ही बरी वाटली.

बुधवार, २१ फेब्रुवारी

सूनबाई रोज सराव करते. चालवते चांगली, हे मान्य करते. पण गाडी लावायची वेळ आली की तिचं नाटक सुरू. फाटकासमोर येते, उतरते, गाडी पुढे ढकलते, मागे घेते, तोंड फिरवते, पुन्हा उलटी लावते. कुत्रं बसायच्या आधी गोल फिरतं तसं. शेवटी नाल्याकडे उतार आहे तिथे, डावी बाजू खाली अशी लावते आणि मग हँडलवरचा हात एकेक बोट करत सोडते.

"अगं, गाडी लावतेस की पाळण्यात मूल निजवतेस?" मी म्हटलं.

"सवय होईल, आई."

ह्यांनी विचारलं, "उस्तादला एकदा बोलावू या का पुन्हा?" मी म्हटलं, तुम्ही वाटाणे सोला.

शुक्रवार, १ मार्च

पहिला दिवस. निळी पेटी कॅरियरला पट्ट्यांनी आवळून, शिरस्त्राण घालून, निघाली. मी फाटकात उभी राहिले, शेजारीण त्यांच्या फाटकात. "एकटीच जाणार? गाडीवरून? आणि मुलगा काय म्हणतो?" मी म्हटलं, "मुलाचीच गाडी आहे, त्याचंच म्हणणं आहे." धडधडीत खोटं. पण हे लहान खोटं, आणि तिने तोंड बंद केलं, म्हणून मला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

दुपारी परत आली ती घामाने निथळत, खूश. "दहा मिनिटं आधी पोचले, आई! लॅबच्या बाई म्हणाल्या, पहिल्यांदाच कुणी वेळेआधी आलंय." मी तिला अंड्याचं आमलेट करून दिलं. ती खाता खाता बोलत होती. मी ऐकत होते. घरात बोलण्याचा आवाज असला की बरं असतं.

शनिवार, ९ मार्च

गाडी पडली. फाटकाबाहेर उभी होती, कचऱ्याचा ट्रक शेजारून गेला, त्याच्या नुसत्या वाऱ्याने उजवीकडे गेली ती थेट शेजारणीच्या कुंड्यांवर. कुंड्या गेल्या, आरसा गेला. शेजारणीने गल्ली डोक्यावर घेतली. लोक जमले.

सूनबाई आतून धावत आली. सगळ्यांदेखत मी तिला म्हटलं, "किती वेळा सांगितलं, गाडी नीट लावत जा! लक्ष कुठे असतं तुझं? स्वतःची असती तर अशी टाकली असतीस?"

तिने गाडी उचलली. स्टँडकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. लोक ऐकायला उभेच होते. तिला एक वाक्य बोलता आलं असतं. "माझं चुकलं," असं शेजारणीला म्हणाली आणि मातीतली रोपं गोळा करायला लागली.

मी आत येऊन दार आपटलं, रागाने.

रागाने, असं लिहिलंय. तसंच राहू दे.

मंगळवार, १२ मार्च

आजचं लिहायला बसले आणि दोनदा उठले.

सकाळी एका दवाखान्याबाहेर गाडी पडली. सूनबाई काही नळ्या पेटीत ठेवून उरलेल्या आणायला आत गेली होती. पेटी फरशीवर आपटली, झाकण उडालं, रस्ताभर रक्त. त्यातली एक नळी एका तान्ह्या बाळाची होती. त्याची शीर सापडत नव्हती, आईने त्याला घट्ट धरून ठेवलं होतं, ते रडून रडून निळं पडलं होतं, तेव्हा कुठे ती नळी भरली होती. आता पुन्हा टोचायचं. ती बाई दवाखान्याच्या दारातच होती. तिने सूनबाईला काय म्हटलं ते सूनबाई सांगत नाही.

हे मला दुपारी फोनवरून कळलं. लॅबच्या बाईंनी घरी फोन केला. आवाजावरून उभ्या होत्या, दार लावून बोलत होत्या. चिडलेल्या नव्हत्या, हेच वाईट. म्हणाल्या, "ती म्हणते माझीच चूक, बाकी काही सांगत नाही. मला ती कामाला चांगली वाटली होती. म्हणून तुम्हाला विचारते. गाडीत काही दोष आहे का?"

सरळ विचारलं. याहून सरळ कुणी विचारू शकत नाही.

मी माझ्या टेलिफोनच्या आवाजात, शब्दन् शब्द सुटा करत म्हणाले, "गाडीत काहीही दोष नाही. ती मी स्वतः उभी राहून तयार करून घेतली आहे. मुलगी जरा निष्काळजी आहे."

"असं का," त्या म्हणाल्या. "मग मला दुसरं कुणी बघावं लागेल."

फोन ठेवला. तेव्हा दिसलं, हे दारात उभे होते, हातात माझ्यासाठी आणलेला चहा. कप टेबलावर ठेवला, बशी उलटी झाकली आणि बाहेर गेले.

मी चहा घेतला नाही. तो माझा नव्हताच, असं वाटलं.

बुधवार, १३ मार्च

सूनबाई आपल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. कपाटात ठेवायच्या घड्या वेगळ्या असतात, बॅगेत ठेवायच्या वेगळ्या. मला दोन्ही कळतात.

मी अंगणात गेले. गाडी ताठ उभी होती. मला एकदाच बघायचं होतं. दाराची घंटा दाबावी तसं एक बोट सीटला लावलं आणि जरासं ढकललं.

गेली.

मी हँडल पकडलं, तर मलाच घेऊन गेली. मी कुंपणावर, गाडी फरशीवर, आणि टाकीला असा पोचा की त्यात वाटी बसेल. आवाजाने सूनबाई धावत आली. गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. माझे दोन्ही हात धरले, कोपर तपासलं, म्हणाली, "आई, लागलं का? कुठे लागलं?"

ही पडली त्या दिवशी मी टाकीबद्दल विचारलं होतं.

ती मला पायरीवर बसवून पाणी आणायला गेली. हे येऊन शेजारी बसले. टाकीकडे बघत म्हणाले, "ती गाडी मुळात उंच नव्हतीच. त्याने करून घेतली होती."

"कुणी?"

"तुझ्या मुलाने. लग्न झाल्यावर ही गल्लीत चालवायला लागली ना, तेव्हा. एक दिवस घेऊन गेला आणि उंच करून आणली. मला म्हणाला, बाबा, आता कुणी हात लावणार नाही माझ्या गाडीला. हसत होता."

"आणि तुम्ही?"

"मीही हसलो," हे म्हणाले. "आता हसू येत नाही."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू 'मूळचे' लिहून सुतळी बांधत होतीस. कसं सांगू?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. तेवढ्यात सूनबाई पाणी घेऊन आली. मी पेला घेतला. तिच्याकडे बघून प्यायचं धाडस झालं नाही, म्हणून गाडीकडे बघत प्यायले.

गुरुवार, १४ मार्च

शाळेत काही मोडलं की सिस्टर वर्गात येऊन एवढंच म्हणायच्या, "ज्याने केलं त्याने उभं राहावं." आणि थांबायच्या. सगळा वर्ग श्वास धरून. मी कधी उभी राहिले नाही, कारण मी कधी काही मोडलं नाही. मला त्याचा फार अभिमान होता.

सकाळी रिक्षाने लॅबमध्ये गेले. लॅबच्या बाई माझ्या मुलाच्या वयाच्या असतील, पांढऱ्या कोटात. त्यांनी खुर्ची दिली. मी बसले नाही.

"परवा तुम्ही मला विचारलंत, गाडीत दोष आहे का. आहे. गाडी बुटकी केल्यावर स्टँड कापावा लागतो. मेकॅनिकने सांगितलं होतं, मी कापू दिला नाही. सुनेला माहीत होतं. तिने माझं नाव घेतलं नाही. निष्काळजी मी आहे. ते बाळ माझ्यामुळे दुसऱ्यांदा टोचलं गेलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पण तुम्ही कापू का दिला नाहीत?"

"मुलाची गाडी आहे," मी म्हटलं. बाहेर रांगेत बसलेले लोक दारातून ऐकत होते. कानांपर्यंत तापले होते मी. या वयात एवढं रक्त चेहऱ्यावर येतं, हे मला माहीत नव्हतं.

"जागा मी अजून भरलेली नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "उद्या गाडी इथे आणा. पायऱ्यांसमोर उभी करा. मी स्वतः ढकलून बघणार. पडली तर मला काही सांगू नका."

तिथून उस्तादकडे. "मावशी!" असं म्हणून माझं तोंड पाहिलं आणि पुढचा विनोद गिळला. घरी आला. गाडी विटांवर टेकवून स्टँड सोडवला, मातीने माखलेला, पॉलिश कागदाने घासला. मग मला जवळ बोलावलं.

"हे बघा."

मधोमध एक जाड, वेडीवाकडी गाठ. जुनं वेल्डिंग.

"आधी कुणीतरी कापून मध्ये तुकडा घातलाय. गाडी उंच केली तेव्हा स्टँड तोकडा पडला असणार, म्हणून वाढवला. आणि काम काय वाईट केलंय! मी असं केलं तर दुकान बंद करीन. मीही त्या दिवशी घासून बघितलं नाही, तुमच्या धाकात."

म्हणजे मी ज्याला हात लावू देत नव्हते ते आधीच कापलेलं होतं.

"कापा," मी म्हटलं. "मी धरते."

"ठिणग्या उडतील."

"उडू देत."

मी स्टँडचं एक टोक फडक्यात धरलं, उस्तादने कापलं. तो घातलेला तुकडा खाली पडला. बाजूला पायरीवर हे होते, सूनबाई होती, पलीकडच्या फाटकात शेजारीण होती. मी मोठ्याने म्हटलं, शेजारणीला ऐकू जाईल असं, "तुमच्या कुंड्या माझ्यामुळे फुटल्या. हिच्यामुळे नाही. त्या दिवशी मी हिला सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर सांगते."

शेजारीण "असू दे हो" म्हणाली. सूनबाई म्हणाली, "आई, पुरे ना, आत चला." तिला माझीच लाज वाटत होती, की माझ्यासाठी वाटत होती, कळलं नाही. मला तरी सुटल्यासारखं मुळीच वाटलं नाही. पुस्तकांत माणसं कबूल करून हलकी होतात. मी अजून तिच्याशी एकटीशी काही बोललेच नाहीये.

उस्ताद स्टँड पुन्हा जोडून निघताना हळूच विचारत होता, "आता निळा दिवा?"

"चालते व्हा," मी म्हटलं. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

शुक्रवार, १५ मार्च

लॅबच्या पायऱ्यांसमोर सूनबाईने गाडी लावली, सपाट फरशीवर. बाईंनी एका हाताने ढकललं, मग दोन्ही हातांनी, मग कंबर लावून. गाडी डावीकडे कललेली होती, तशीच राहिली. "सोमवारपासून ये," बाई म्हणाल्या. "आणि त्या बाळाच्या आईला तू स्वतः भेटून ये." सूनबाई काही म्हणायच्या आत मी म्हटलं, "मी जाते." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "दोघी जा," म्हणाल्या.

परत येताना मी पहिल्यांदाच गाडीवर मागे बसले. "घट्ट धरा, आई." कशाला धरू, म्हणून आधी कॅरियर धरला. पहिल्याच खड्ड्याला तिला धरलं. डोळे मिटून तिच्या पाठीला म्हटलं, "फोनवर त्या बाईंना मी तुला निष्काळजी म्हटलं होतं." गाडीच्या आवाजात ऐकू गेलं असेल की नाही, असं वाटलं. पुढच्या वळणाआधी ती म्हणाली, "बाबांनी सांगितलं होतं." एवढंच. आणि वळण अगदी सावकाश घेतलं, मी मागे आहे म्हणून.

सोमवार, १८ मार्च

ती कामावर गेल्यावर मुलाचा फोन.

"गाडी विकली का?"

"नाही. ती चालवते. पाय टेकतात आता तिचे. तुझे लांब शॉक ट्रंकेत आहेत, ते आज भंगारवाल्याला देते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "बाबांनी सांगितलं वाटतं. गंमत होती ती, आई."

मागून तोच आवाज आला. "अरे, किल्ली कुठे ठेवलीस?" आवाज जवळ आला, म्हणजे चालत आली. थांबली, म्हणजे त्याने हाताने खूण केली. फेब्रुवारीतल्या फोनलाच मला हे सगळं ऐकू आलं होतं. परदेशातल्या टीव्हीचं मी लिहिलंय तेही खोटं, आणि ते तर मी कुणाला फसवायला लिहिलं नव्हतं.

"कोण आहे?" मी विचारलं.

"कुठे कोण? टीव्ही चालू आहे."

"मग बंद कर."

मी थांबले. सिस्टर थांबायच्या तशी. त्याला फक्त एक बटण दाबायचं होतं. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं, आणि तो माझ्या मुलाचा नव्हता.

"आई, मी नंतर करतो," तो म्हणाला.

दुपारी गाडीचा आवाज आला तेव्हा मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. तिला सांगायचं होतं, आणि सांगायच्या आधीच मला खात्री होती की तिला हे कधीचं माहीत आहे. ती माझ्यासाठी गप्प होती. ती आली. गोल फिरली नाही, उतार शोधला नाही. जिथे थांबली तिथेच पायाने स्टँड उघडला आणि हात सोडले. गाडी जराशी कलली आणि थांबली.

"काय झालं, आई? उन्हात का उभ्या?"

मला सरळ उभं राहता येईना. मी सीटवर हात टेकला, मग सगळा भार टाकला. गाडी हलली नाही.

"बस जरा," मी म्हटलं. "सांगते."